चक्रीय उद्योगांतील भागमूल्यांकन : चलनवाढ-समायोजित पुस्तकी मूल्य

ज्या कंपन्यांचा नफा तेजी-मंदीच्या चक्राबरोबर मोठ्या प्रमाणावर वरखाली होतो, त्यांच्या सामान्य भागाची (शेअरची) वाजवी किंमत ठरविण्याची एक पद्धती. या पद्धतीत कंपनीच्या ताळेबंदातील निव्वळ मत्ता, ती खरेदी केल्यापासून झालेली भाववाढ विचारात घेऊन, आजच्या रुपयांत मांडली जाते. तीस भागांच्या संख्येने भागले असता दर भागामागील समायोजित पुस्तकी मूल्य मिळते. भागाचा बाजारभाव या मूल्याच्या किती पट आहे हे पाहून तो महाग आहे की स्वस्त, याचा अंदाज बांधतात. मात्र हे मूल्य ‘असा कारखाना आज उभारावयाचा झाल्यास किती खर्च येईल’ या प्रश्नाचे उत्तर असते. ‘हा कारखाना किती मिळवून देईल’ या प्रश्नाचे नव्हे. या दोन प्रश्नांतील अंतर लक्षात न घेतल्यामुळे गुंतवणूकदारांचे मोठे नुकसान झाल्याची उदाहरणे वारंवार आढळतात.

चक्रीय उद्योगांचे स्वरूप : पोलाद, सिमेंट, साखर, कागद, जहाजवाहतूक, कापड व कापूस-प्रक्रिया हे उद्योग सामान्यतः चक्रीय मानले जातात. त्यांत तीन गोष्टी समान आढळतात. पहिली, त्यांचा माल एकजिनसी असून त्याचा भाव एखादी कंपनी ठरवीत नाही, तर बाजार ठरवितो. दुसरी, त्यांत इमारती व यंत्रसामग्री यांमध्ये बरेच भांडवल अडकलेले असते आणि उत्पादन कमी झाले, तरी घसारा, व्याज, देखभाल यांसारखे खर्च चालूच राहतात. तिसरी, नवी उत्पादनक्षमता उभारण्यास अवधी लागतो. त्यामुळे तेजीत हाती घेतलेले कारखाने पुष्कळदा मंदी आल्यावर पूर्ण होतात व मंदी अधिक तीव्र करतात.

बुलढाणा जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंगचा उद्योग हे अशा उद्योगाचे जवळचे उदाहरण होय. जिल्ह्याच्या उत्तरेकडील, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील घाटाखालचा प्रदेश काळ्या कसदार जमिनीचा असून खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या भागांत कापूस हे जुने नगदी पीक आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. त्यावरील जलंब स्थानकापासून खामगावपर्यंतची शाखा १८७० मध्ये सुरू झाली आणि वऱ्हाडातील कापसाची एक प्रमुख पेठ म्हणून खामगावचे स्थान अधिक दृढ झाले. जिनिंगच्या कारखान्यात कापसापासून सरकी वेगळी काढतात व प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधतात. कापसाच्या वजनापैकी सु. एक-तृतीयांश रुई व उरलेली बहुतेक सरकी असते. कारखान्याचे उत्पन्न रुई व सरकी या दोहोंच्या भावावर अवलंबून असते, तर खर्चाचा सर्वांत मोठा भाग कापसाच्या खरेदीचा असतो. हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यानंतर कारखाना बंद राहतो. पाऊस, बोंडअळीसारखी कीड, सूतगिरण्यांची मागणी व जागतिक बाजारातील भाव यांपैकी काहीही बदलले की, नफ्याचे गणित बदलते.

भावांतील चढउतारांचे प्रमाण अलीकडील दोन प्रसंगांवरून लक्षात येते. मार्च २०११ मध्ये कापसाचा जागतिक भाव दर पौंडास दोन डॉलरांच्या वर गेला व त्याच वर्षात कोसळला. २०२२ च्या उन्हाळ्यात देशातील रुईचा भाव दर खंडीस (सु. ३५६ किग्रॅ.) एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला आणि त्यानंतर काही महिन्यांतच मोठ्या प्रमाणात उतरला. चढत्या भावाच्या काळात आधी घेतलेल्या साठ्यावर अनायासे नफा होतो, तर उतरत्या भावात त्याच साठ्यावर तोटा सोसावा लागतो. कारखाना तोच, यंत्रे तीच, कामगार तेच. परंतु लागोपाठच्या दोन वर्षांचे नफातोटा पत्रक मात्र पूर्णपणे वेगळे असे चित्र यातून निर्माण होते.

नफ्यावर आधारित मूल्यांकनातील दोष : भागाची किंमत ठरविताना बाजारभावास दर भागामागील नफ्याने भागून येणारे किंमत-नफा गुणोत्तर सर्रास वापरले जाते. नफा स्थिर असलेल्या कंपन्यांच्या बाबतीत ते बव्हंशी उपयुक्त ठरते. उदा., खामगाव येथेच हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीचा साबणाचा कारखाना आहे. साबणाचा खप तेजी-मंदीच्या काळात फारसा बदलत नाही. म्हणून अशा कंपनीच्या एका वर्षाच्या नफ्यावरून पुढील वर्षांचा अंदाज करणे वावगे ठरत नाही. तिच्या मूल्याचा मोठा भाग मुद्रानामे व वितरणव्यवस्था यांत असतो आणि तो ताळेबंदात बहुतांशी दिसत नसल्याने तिच्या बाबतीत पुस्तकी मूल्याला फारसे महत्त्व नसते.

चक्रीय कंपनीच्या बाबतीत नेमकी उलट स्थिती असते. तेजीच्या शिखरावर नफा सर्वांत मोठा असल्याने किंमत-नफा गुणोत्तर लहान दिसते आणि भाग स्वस्त वाटतो; वस्तुतः पुढे नफा घटणार असल्याने तीच वेळ सर्वाधिक धोक्याची असते. मंदीच्या तळाशी नफा नगण्य असल्याने गुणोत्तर फार मोठे दिसते, किंवा तोटा असल्यास ते काढताच येत नाही. परंतु भाग स्वस्तात मिळण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. या दोषावर दोन उपाय सुचविले जातात. एक, एका वर्षाचा नफा न घेता पाच ते दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी घेणे. बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड या अमेरिकन अभ्यासकांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोखे-विश्लेषणावरील ग्रंथात या उपायावर भर दिला होता. दुसरा उपाय म्हणजे नफ्याऐवजी निव्वळ मत्तेचा आधार घेणे. निव्वळ मत्ता वर्षावर्षाला फारशी बदलत नाही, म्हणून तिच्या मानाने बाजारभाव कोठे आहे, हे अधिक स्थिरपणे पाहता येते.

पुस्तकी मूल्य व त्यातील उणिवा : कंपनीच्या एकूण मत्तेतून सर्व देणी वजा केली असता उरणारी रक्कम, म्हणजेच भरणा झालेले भागभांडवल व राखीव निधी यांची बेरीज, हे भागधारकांचे पुस्तकी मूल्य होय. रूढ हिशेबपद्धतीत जमीन, इमारती व यंत्रे ही ज्या किंमतीस घेतली, त्याच किंमतीस (घसारा वजा करून) नोंदविली जातात. या पद्धतीमुळे आकडे पडताळून पाहता येतात, हा तिचा मोठा गुण होय. परंतु त्यात निरनिराळ्या वर्षांतील रुपये एकत्र मिळविले जातात. २००१–०२ मधील रुपया व २०२४–२५ मधील रुपया यांची क्रयशक्ती सारखी नसताना ते सारखे मानून त्यांची बेरीज केली जाते. परिणामी जुन्या कारखान्याचे पुस्तकी मूल्य फार कमी, तर नव्या कारखान्याचे तुलनेने जास्त दिसते. आणि दोन्ही कारखान्यांची उत्पादनक्षमता सारखी असूनही त्यांचे भाग वेगवेगळ्या मोजपट्ट्यांनी मोजले जातात.

याची दुसरी बाजू नफ्यात दिसते. घसारा जुन्या किंमतीवर आकारला जात असल्याने तो यंत्रे बदलण्याच्या खऱ्या खर्चापेक्षा कमी असतो व त्या प्रमाणात नफा फुगलेला दिसतो. असा नफा लाभांश म्हणून वाटून टाकल्यास कंपनी नकळत आपले भांडवलच वाटत असते. यंत्रे जुनी होऊन बदलण्याची वेळ आल्यावर हातात पैसा नसल्याचे तेव्हा लक्षात येते.

समायोजनाच्या पद्धती : या प्रश्नाची निकड पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेल्या प्रचंड चलनवाढीत प्रथम तीव्रतेने जाणवली. पुढे १९३६ मध्ये हेन्री स्वीनी या अमेरिकन लेखकाने क्रयशक्तीनुसार हिशेब स्थिर करण्याची पद्धती ग्रंथरूपाने मांडली. १९७०–८० या दशकात खनिज तेलाच्या भाववाढीनंतर जगभर या विषयाला पुन्हा महत्त्व आले. ग्रेट ब्रिटनमध्ये सँडिलँड्झ समितीने १९७५ मध्ये आपला अहवाल सादर केला व १९८० मध्ये चालू परिव्ययावर आधारित हिशेबांचे मानक लागू झाले. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना १९७९ पासून अशी माहिती पुरवणीरूपाने देणे आवश्यक करण्यात आले. भारतात १९७४–७५ मध्ये घाऊक किंमतींतील वाढ सु. २५ टक्के होती. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने बदलत्या किंमतींच्या हिशेबाविषयी १९८२ मध्ये मार्गदर्शक टिपण प्रसिद्ध केले. मात्र त्याचा अवलंब ऐच्छिक होता. भाववाढ मंदावताच या उपक्रमांतील उत्साह ओसरला. अमेरिकेत १९८६ मध्ये हे बंधन उठविण्यात आले आणि ब्रिटिश मानक १९८८ मध्ये मागे घेतले गेले. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फक्त अतिचलनवाढ असलेल्या देशांतच असे समायोजन आवश्यक ठरते. तीन वर्षांतील एकत्रित भाववाढ शंभर टक्क्यांच्या जवळपास वा अधिक असणे, हे अतिचलनवाढीचे एक लक्षण त्यात दिले आहे. भारतात तशी स्थिती नसल्याने हे समायोजन गुंतवणूकदारास स्वतःच करावे लागते.

समायोजनाच्या मुख्य पद्धती दोन आहेत. समान क्रयशक्ती पद्धतीत प्रत्येक मत्तेच्या मूळ किंमतीस सर्वसाधारण किंमत-निर्देशांकांच्या गुणोत्तराने गुणतात. चालू परिव्यय पद्धतीत ती विशिष्ट मत्ता, किंवा तेवढेच काम करणारी मत्ता, आज मिळविण्यास किती खर्च येईल याचा अंदाज घेतात. पहिली पद्धती सोपी व वस्तुनिष्ठ आहे. दुसरी वास्तवाच्या अधिक जवळ जाणारी, पण अनुमानावर अवलंबून असणारी आहे. दोन्ही पद्धतींत रोकड, येणी व कर्जे यांच्या रकमा बदलत नाहीत, कारण त्या रुपयांतच ठरलेल्या असतात. भाववाढीच्या काळात रोकड बाळगणाऱ्याचा तोटा व कर्जदाराचा लाभ होतो, ही गोष्ट मात्र स्वतंत्रपणे विचारात घ्यावी लागते.

उदाहरण : पद्धती स्पष्ट करण्यासाठी जिनिंग-प्रेसिंगच्या एका काल्पनिक कंपनीचे आकडे घेता येतील. कंपनीचे दहा लाख भाग आहेत. २०२४–२५ च्या अखेरच्या ताळेबंदात २००१–०२ मध्ये घेतलेली जमीन ४० लाख रु. दाखविली आहे. २०१२–१३ मध्ये ६ कोटी रु. खर्चून उभारलेल्या इमारती व यंत्रे यांचे सरासरी आयुर्मान २० वर्षे धरल्यास बारा वर्षांचा घसारा ३.६० कोटी रु. होतो व शिल्लक किंमत २.४० कोटी रु. राहते. चालू भावाने मोजलेला साठा १.२० कोटी रु., निव्वळ येणी व रोकड १.८० कोटी रु. आणि दीर्घमुदतीचे कर्ज १.८० कोटी रु. आहे. निव्वळ मत्ता ४ कोटी रु. म्हणजेच दर भागामागे पुस्तकी मूल्य ४० रु. होते.

समायोजनासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ अधिसूचित करीत असलेला परिव्यय-चलनवाढ निर्देशांक वापरता येईल. तो २००१–०२ मध्ये १००, २०१२–१३ मध्ये २०० व २०२४–२५ मध्ये ३६३ होता. हा निर्देशांक ग्राहक किंमतींतील सरासरी वाढीच्या ७५ टक्क्यांवर आधारलेला असल्याने त्यावरून येणारे उत्तर काहीसे बेताचे असते. त्यानुसार जमिनीची किंमत ३.६३ पट, म्हणजे सु. १.४५ कोटी रु. आणि इमारती व यंत्रे यांची शिल्लक किंमत १.८१५ पट, म्हणजे सु. ४.३६ कोटी रु. होते. साठा, येणी व कर्ज यांत बदल होत नाही. समायोजित निव्वळ मत्ता सु. ७ कोटी रु. व दर भागामागील समायोजित पुस्तकी मूल्य सु. ७० रु. येते.

आता या कंपनीच्या सात वर्षांच्या चक्रातील दर भागामागील नफा, साठ्यावरील केवळ भाववाढीचा नफा वगळून व आजच्या रुपयांत, अनुक्रमे १२, ९, ३, –२, –१, ४ व १० रु. होता असे मानू. ज्या वर्षी नफा १२ रु. होता, त्या वर्षी बाजारभाव ९६ रु. असल्यास किंमत-नफा गुणोत्तर केवळ ८ येते. ज्या वर्षी नफा ३ रु. होता, त्या वर्षी भाव ४५ रु. असल्यास ते १५ येते. नफ्याकडे पाहणाऱ्यास पहिला भाव स्वस्त व दुसरा महाग वाटेल. समायोजित पुस्तकी मूल्याशी तुलना केल्यास पहिला भाव त्याच्या सु. १.३७ पट व दुसरा सु. ०.६४ पट आहे, असे दिसते आणि निष्कर्ष उलटा होतो.

परंतु मूल्यांकन येथे संपत नाही. सात वर्षांची सरासरी ५ रु. येते. रूढ पद्धतीने वार्षिक घसारा ३० लाख रु., तर समायोजित पद्धतीने सु. ५४.४५ लाख रु. होतो, फरक दर भागामागे सु. २.४५ रु. आहे. प्रत्येक वर्षी तेवढाच फरक धरल्यास खरा सरासरी नफा सु. २.५५ रु. उरतो. या उदाहरणात येणी व कर्ज सारखीच असल्याने भाववाढीचा त्यांवरील लाभ-तोटा परस्परांत फिटतो. मूळ पुस्तकी मूल्यावर ५ रु. म्हणजे १२.५ टक्के परतावा आकर्षक वाटतो. समायोजित मूल्यावर २.५५ रु. म्हणजे केवळ सु. ३.६ टक्के परतावा होतो. भाववाढ वगळून सहा टक्के परताव्याची अपेक्षा करणाऱ्या गुंतवणूकदाराने या भागास ४२ ते ४३ रुपयांपेक्षा अधिक देणे योग्य ठरणार नाही. म्हणजेच ७० रु. खर्चून उभारता येणारा कारखाना त्याच्या मिळकतीच्या दृष्टीने ७० रुपयांचा नाही. आणि सु. ६४ टक्क्यांना मिळणारा ‘स्वस्त’ भागही जेमतेम वाजवी किंमतीचा आहे.

मूल्य व परिव्यय यांतील फरक : बाजारमूल्य व पुनःस्थापन परिव्यय यांच्या गुणोत्तरास अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९६९ मध्ये गुंतवणुकीच्या सिद्धांतात महत्त्वाचे स्थान दिले. हे गुणोत्तर एकाहून बरेच अधिक असेल, तर नवा कारखाना उभारणे फायद्याचे असल्याने नवे उत्पादक पुढे येतात, पुरवठा वाढतो व नफा खाली येतो. ते एकाहून बरेच कमी असेल, तर नवे कारखाने निघत नाहीत, जुने बंद होतात आणि उरलेल्यांचा नफा कालांतराने सुधारतो. चक्रीय उद्योगांत समायोजित पुस्तकी मूल्य हे भावाला आपल्याकडे ओढून घेणारे केंद्र आहे, असे मानण्याचे कारण हेच होय. मात्र त्या मालाची गरज टिकून राहील, हे गृहीत धरल्यासच हा युक्तिवाद लागू पडतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील खारपाणपट्ट्याच्या दृष्टांताने हे समजणे सोपे जाईल. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात भूजल खारे आहे. तेथे विहीर खणण्यास इतरत्र जेवढा खर्च येतो, तेवढाच येईल आणि दहा वर्षांपूर्वीचा खर्च निर्देशांकाने वाढवून आजच्या रुपयांत मांडताही येईल. परंतु पाणी खारे निघाल्यास त्या आकड्याने ओलित होत नाही. त्याचप्रमाणे ज्या कारखान्याकडे कच्चा माल येत नाही, त्याच्या यंत्रांचा पुनःस्थापन परिव्यय कितीही असला, तरी भागधारकास त्याचा उपयोग नसतो. घाटावरील चिखली, मेहकर यांसारख्या तालुक्यांत सोयाबीनचा विस्तार होऊन पीकरचना पालटली आहे. एखाद्या जिनिंग कारखान्याच्या परिसरातील कापसाचे क्षेत्र असे घटले, तर त्याच्या बाबतीत ते मंदीचे एक आवर्तन न राहता कायमचा बदल ठरते.

धोरण व तंत्र यांतील बदलही असाच परिणाम करतात. महाराष्ट्रात १९७१ च्या अधिनियमान्वये कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२–७३ पासून सु. तीन दशके राबविली गेली. त्या काळात खाजगी खरेदीस वाव नसल्याने जिनिंग कारखान्यांचे उत्पन्न प्रामुख्याने प्रक्रियेच्या ठराविक दरावर अवलंबून होते. यंत्रांच्या पुनःस्थापन परिव्ययाशी त्याचा मेळ असेलच, असे नव्हते. २००० मध्ये केंद्र शासनाने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले व त्याखाली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणास साहाय्य मिळू लागले. स्वयंचलित वहन व स्वच्छ गाठींची सोय असलेले कारखाने निघाल्यावर जुन्या यंत्रांची मूळ किंमत निर्देशांकाने वाढविणे निरर्थक ठरते. अशा वेळी तेवढेच काम करणाऱ्या आधुनिक यंत्राचा खर्च, जुन्या यंत्राचा जादा मजुरी व वीजखर्च वजा करून, विचारात घ्यावा लागतो.

ऐतिहासिक अनुभव : कापसाच्या तेजीने भागमूल्यांकनाचा विवेक सुटल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईतील १८६४–६५ चे होय. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला होणारा तेथील कापसाचा पुरवठा तुटला व पश्चिम भारतातील कापसाचे भाव भडकले. या व्यापारातून आलेला पैसा मुंबईत समुद्र हटविण्याच्या योजना, बँका व वित्तसंस्था यांच्या भागांत ओतला गेला. त्यांपैकी अनेक कंपन्यांपाशी भरणा झालेल्या भांडवलाखेरीज मत्ता अशी नव्हतीच. तरीही त्यांच्या भागांचे भाव भरणा रकमेच्या कितीतरी पट चढले. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग एके काळी २,८५० रुपयांस विकला गेला होता, त्यास ८७ रु. देखील कसेबसे मिळू लागले. निव्वळ मत्तेशी भावाची तुलना करण्याची सवय असती, तर निदान काहींना तरी आधी सावध होता आले असते.

याउलट मत्ता भक्कम असूनही मिळकत नाहीशी होण्याचे उदाहरण कापडगिरण्यांत आढळते. जमशेटजी टाटा यांनी कापसाच्या प्रदेशाजवळ म्हणून नागपूरची निवड करून १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल दीर्घकाळ भरभराटीत होती; १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ मध्ये बंद पडली. यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रे व वाढते खर्च यांमुळे संयुक्त गिरण्यांचा ऱ्हास होत असताना त्यांच्या इमारती व यंत्रे यांचा पुनःस्थापन परिव्यय दरवर्षी वाढतच होता. जमिनीची गोष्ट मात्र निराळी ठरली. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी ताळेबंदात जुन्या, नाममात्र किंमतींना नोंदलेल्या होत्या. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने कोहिनूर मिल क्र. ३ ची जमीन विकली, तेव्हा तिला ४२१ कोटी रु. आले. हे मूल्य गिरणी चालविल्याने नव्हे, तर ती बंद झाल्याने मिळाले, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. कारखाना चालू राहणार असेल, तर त्याखालील जमिनीचे मूल्य भागधारकाच्या हाती पडत नाही. आणि तो बंद होणार असेल, तर कामगारांची देणी, कर्जे व कर आधी भागवावे लागतात.

वापरातील दक्षता : समायोजित पुस्तकी मूल्य काढताना काही गोष्टींची खबरदारी घ्यावी लागते. (१) ख्यातिमूल्यासारखी अमूर्त मत्ता व वसुलीची आशा नसलेली येणी प्रथम वजा करावी. (२) कंपनीने स्वतःच मत्तेचे पुनर्मूल्यांकन केले असल्यास निर्देशांक पुनर्मूल्यांकनाच्या वर्षापासूनच लावावा. अन्यथा एकच भाववाढ दोनदा मोजली जाते. पुनर्मूल्यांकनातून निर्माण झालेल्या निधीतून लाभांश देता येत नाही व बोनस भागही वाटता येत नाहीत, कारण त्यामागे प्रत्यक्ष कमाई नसते. (३) मत्तेऐवजी दरवर्षी राखून ठेवलेल्या नफ्यास निर्देशांक लावण्याची सोपी रीतही प्रचलित आहे. तीत भागधारकांनी किती पैसा घातला हे कळते, तो शिल्लक आहे किंवा नाही हे कळत नाही. पूर्वी वाया गेलेली गुंतवणूकही वाढीव किंमतीने मोजली जाते. (४) मंदीत कंपनीने कमी भावाने नवे भाग काढल्यास एकूण मत्ता वाढूनही दर भागामागील मूल्य घटू शकते. (५) कर्जाचे प्रमाण पाहणे अत्यावश्यक आहे. भाववाढीत कर्जाचा खरा बोजा हलका होतो हे खरे. परंतु मंदीच्या वर्षांत व्याज भरता आले नाही, तर पुढील तेजीचा लाभ घेण्यास तेच भागधारक उरत नाहीत.

चक्रीय कंपनीच्या भागाचे मूल्यांकन करताना म्हणून तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात : समायोजित पुस्तकी मूल्य किती आहे, संपूर्ण चक्रात, खरा घसारा वजा करून, त्यावर किती परतावा मिळाला आहे, आणि पुढील तेजी येईपर्यंत कंपनी तग धरू शकेल काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्देशांकाच्या साहाय्याने थोड्या वेळात मिळते. उरलेल्या दोहोंसाठी त्या उद्योगाची, त्याच्या कच्च्या मालाची व त्या मुलखाची माहिती असावी लागते. खामगाव किंवा मलकापूर येथील बाजार समितीत हंगामात किती कापूस येतो व तो कोणत्या गावांहून येतो, याची नोंद ताळेबंदात नसते; तथापि तेथील जिनिंग कारखान्याच्या भागाचे मूल्य ठरविण्यास ती ताळेबंदाइतकीच आवश्यक असते.